नातालीननं बांधलेलं चुकांचं घराणं

नातालीन, तुझ्याबद्दल लोक खोटं बोलायला लागलेत. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. तू शांत होतीस, कुणाशी वाकड्यात शिरली नाहीस, सगळ्यांशी जुळवून घेतलंस, असं माझ्या तोंडावर सांगतात. इगर्जीत सातव्या दिवसाचं मिस, तुझ्यासाठीची प्रार्थना, आटोपल्यावर बाहेर आपलं काम घेऊ पाहणारे पुण्याच्या कंपनीतले ते साहेब भेटले. एवढ्या लांब तुझ्या गावी, आरोंद्याला आले याचं मला बरंच वाटलं होतं. मग ते हात जोडून म्हणाले, "मॅडम फार ॲडजस्टिंग होत्या." शेजारी तुझी आई उभी होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. तिला हसू येत होतं की रडू, ते मला कळलं नाही.

तू ॲडजस्टिंग नव्हतीस. कणकवलीच्या त्या माडीवरच्या खोलीत आपण चौदा वर्षं समोरासमोर बसलो आणि चौदाही वर्षं भांडलो. खाली एसटी डेपोतला माणूस भोंग्यावर गाड्या पुकारत असायचा आणि वर आपण एकाच प्रश्नावर आवाज चढवायचो: चित्र काढता आलं नाही, तर प्रोग्रामनं काय करायचं?

मिसच्या दिवशी घरी चहा घेताना तुझ्या आईनं मला विचारलं, "तुमी दोघां थंय कणकवलेक बसान नेमक्या काय करी होतास गो?" चौदा वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "मावशे, काँप्युटरवर नकाशे, आलेख, आराखडे काढायला लोकांना तयार अवजारं लागतात. रेघ काढणारं एक, रंग भरणारं एक, अक्षर लिहिणारं एक. तशी अवजारांची पेटी आम्ही बनवली. तिला लायब्ररी म्हणतात."

"आणि माझा चेडू त्यात काय करी?"

"ती चुका सांभाळायची."

म्हातारी दचकली. मग मी तिला समजावलं. एखाद्या अवजाराला दिलेलं काम जमलं नाही, तर त्यानं गप्प बसायचं नाही. काम तिथेच सोडून वर हाक द्यायची, की माझ्यानं होत नाही, अमुक ठिकाणी अडलंय, समोर अमुक आलंय. त्या हाकेला एक्सेप्शन म्हणतात. वर बसलेल्या कुणीतरी ती हाक झेलायची आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं. "तुझ्या मुलीनं अशा हाकांचं एक घराणंच बांधलं होतं," मी म्हटलं. तुझी आई म्हणाली, "म्हणजे घरात करी ताच थंय करी." मला वाटतं, तुझ्याबद्दल त्या दिवशी बोललं गेलेलं हे एकच वाक्य खरं होतं.

तुला आठवतं, आपण सुरुवात केली तेव्हा मी पहिल्याच सकाळी रेघ काढणारं फंक्शन लिहायला बसले होते. तू मात्र वहीत वंशावळ काढत होतीस. डोक्यावर एक आईक्लास, म्हणजे सगळ्या चुकांचा मूळ साचा. तिच्या पोटी फाइलची चूक, रंगाची चूक, अक्षराची चूक, बिंदूची चूक. बिंदूच्या पोटी आणखी दोघी: बिंदू मिळालाच नाही ही एक, आणि मिळाला पण कागदाबाहेरचा निघाला ही दुसरी. चार दिवस तू हेच करत होतीस. शेवटी मी म्हटलं, "अगो, आधी एक रेघ तरी काढ."

"रेघ काढूक कोणाकय येता," तू मान वर न करता म्हणालीस. "रेघ येवक नाय तर काय, ता आधी ठरव."

मला ते तेव्हा पटलं नाही. माझ्या घरी शेती. भात, काजू, थोडे आंबे. आमच्याकडे काम अडलं तर माणूस काहीतरी जुगाड करतो आणि पुढे जातो. चित्र शंभरातलं नव्वद बरोबर आलं तर नव्वद दाखवावं, असं माझं मत. तुझं मत असं की उरलेले दहा कुठले, हे जो सांगत नाही त्याच्या नव्वदावर विश्वास ठेवायचा नाही.

त्या पऱ्याच्या नकाशावेळी तर तू मला लाज आणलीस. एका गावाचा नकाशा छापायचा होता. सगळं झालं, आणि एका ओहोळाच्या नावापाशी, 'पऱ्या' या शब्दावर, आपली लायब्ररी थांबली. त्या फॉन्टमध्ये तो अर्धा र नव्हता. दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीनं तिथे एक रिकामा चौकोन छापून काम उरकलं असतं. नकाशा मागवणाऱ्या कचेरीतले साहेब वैतागले. "एका अक्षरासाठी अख्खा नकाशा अडवलात?"

कचेरीत गेलीस की तुझी मराठी एकदम इस्त्रीची व्हायची. तू म्हणालीस, "साहेब, चौकोन छापला असता तर तुम्ही सही केली असती. मग पुढची वीस वर्षं त्या पऱ्याचं नाव चौकोन राहिलं असतं."

ते हसले, त्यांनी दोन दिवस दिले, तू फॉन्ट शोधून आणलास. परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी बोलले नाही. तुझं बरोबर होतं म्हणून बोलले नाही.

आता तोंडवलीचं सांगते. हे आपण कधी बोललो नाही, आणि आज मी ते बोलणार आहे.

तिथल्या होडीवाल्यांना खाडीच्या तोंडाचं चित्र हवं होतं. तिथली वाळू दर वर्षी जागा बदलते. धक्क्यावरच्या शेडमध्ये एक स्क्रीन लावायचा, खोल पाणी गडद निळं, उथळ फिकं, वाळू पिवळी. अलीकडच्या काठाचं माप तिथल्याच एका होडीवाल्यानं, बाबी तांडेलानं, शिशाची दोरी तळापर्यंत सोडून घेतलं. पलीकडचं दुसऱ्या होडीनं घेतलं, आणि त्यांच्या वहीचं एक पान भिजलं. काही आकडे वाचताच येईनात. मी त्या जागा रिकाम्या सोडल्या. प्रोग्राम चालवला की तो त्या पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबायचा आणि तू लिहिलेली ओळ दाखवायचा: 'हयसरचो ठाव माका ठावक नाय,' म्हणजे इथला तळ मला माहीत नाही. त्या कामासाठी सगळे संदेश तू मालवणीत लिहिले होतेस.

तू गावच्या फेस्ताला, इगर्जीच्या सणाला, आरोंद्याला गेली होतीस. जाताना म्हणाली होतीस, "मी येयसर कोणाक दाखवू नको. तेंका परत माप घेवक सांग." दुसऱ्या दिवशी होडीवाली मंडळी कणकवलीला येणार होती. परत माप घ्यायला सांगितलं तर आठवडा जाणार. दुपारची वेळ होती, जेवण झालं होतं, खोलीत मी एकटी. मी तुझी हाक झेलली आणि झेलून काहीच केलं नाही. कॅच, म्हणजे हाक झेलणारा भाग, लिहिला आणि त्याच्या दोन कंसांमध्ये एक अक्षर लिहिलं नाही. प्रोग्राम थांबायचा बंद झाला. चित्र पूर्ण आलं. कागदाचा मूळ रंगच गडद निळा होता, त्यामुळे जिथे माप नव्हतं तिथे खोल पाणी दिसायला लागलं.

फार सुंदर चित्र होतं ते. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तू परत आल्यावर काम झालं एवढंच मी तुला सांगितलं. नंतर ते रिकामे कंस काढून टाकायचं राहून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. राहून गेलं नव्हतं. मला ते चित्र तसंच आवडलं होतं.

दोन महिन्यांनी बाबी तांडेल पर्यटक घेऊन ओहोटीच्या वेळी पलीकडून आत येत होता. स्क्रीनवर निळं होतं म्हणून त्या बाजूनं आला. होडी वाळूत रुतली. पर्यटकांच्या अंगात लाइफ जॅकेटं होती, पाणी कमरेएवढं, कुणाला काही झालं नाही. बाबी होडी ढकलायला उतरला. लाटेनं होडी कलंडली आणि त्याचा पाय तिच्याखाली गेला. गुडघ्याच्या खालून मोडला.

तू खबर ऐकलीस आणि आधी कोड उघडलास. मी समोर बसले होते. तू खाली सरकत गेलीस, थांबलीस. त्या दोन रिकाम्या कंसांकडे तू किती वेळ बघत होतीस कुणास ठाऊक. खोलीत आपण दोघीच कोड लिहायचो, विचारण्यासारखं काही नव्हतंच. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "चल."

आपण स्कूटरवरून तोंडवलीला गेलो. बाबीच्या घरापुढच्या खळ्यात माणसं जमली होती. तो खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. तू पुढे झालीस आणि सरळ म्हणालीस, "बाबीकाका, चूक आमच्या प्रोग्रामाची आसा. माझी."

तो तुला काय काय बोलला. चार बुकां शिकलंस म्हणान आमका पाणी शिकवूक इलंस, म्हणाला. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही. शेजारीपाजारी ऐकत होते. तू ऐकून घेतलंस. मी तुझ्यामागे दोन पावलांवर उभी होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. एक वाक्य. तू मध्येच एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलंस, आणि पुन्हा पुढे बघायला लागलीस.

येताना मी विचारलं, "तू असं कशाला सांगितलंस?"

"लायब्ररी माझी. नाव माझा."

"पण नातालीन—"

"मंजू, आता गप रव."

आणि मी गप्प राहिले. तूही राहिलीस. पुढे किती वर्षं. स्वल्पविरामावरून माझ्याशी आठवडाभर भांडणारी तू, यावर एकदाही भांडली नाहीस. त्या स्क्रीनचं काम बंद झालं, त्यांनी तो उतरवून ठेवला, आपण दुसऱ्या कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी मला चहा दिलास, नेहमीसारखा, साखर कमी. याचे मी उपकार मानते. आणि याचाच मला राग आहे. तू ओरडली असतीस तर मीही ओरडले असते आणि त्या ओरडण्यात ते एकदा बाहेर पडलं असतं. तू मला वाचवलंस, आणि वाचवून गप्प करून टाकलंस. तुला असं करायचा हक्क नव्हता. तुझ्याच नियमाप्रमाणे नव्हता.

मग या वर्षी तू आजारी पडलीस. तुझी खाट आरोंद्याच्या घराच्या पडवीत खाडीकडे तोंड करून टाकली होती. त्याच सुमारास पुण्याच्या कंपनीनं कळवलं की त्यांना आपली लायब्ररी हवी आहे, त्यांच्या सगळ्या कामांत ते ती वापरतील. अट एकच. ती थांबता कामा नये. एक्सेप्शनचे सगळे क्लास काढून टाकायचे. काही अडलं तर जमेल तसं चित्र काढायचं आणि पुढे जायचं. ते पत्र मी तुला वाचून दाखवलं ते केवळ तू चिडावीस म्हणून. तुला चिडलेली बघायला मी आसुसले होते.

तू म्हणालीस, "काढून टाक ता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"ते क्लास काढून टाक. चार लोक लायब्ररी वापरतले तरी. माका आता कोणाशी झगडूक नको." थोडा दम घेतलास. मग म्हणालीस, "तुझो तेंच्यार कधी विश्वास नव्हतो, माका ठावक आसा. माझ्या मागे ह्या वझा तू कित्याक व्हतलंस?"

तो एक क्षण होता, नातालीन. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की माझा विश्वास आहे, तोंडवलीपासून आहे, त्या दोन कंसांपासून आहे. पण ते म्हणायचं तर तोंडवलीचं नाव घ्यावं लागलं असतं. पडवीत तुझी आई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "बरां."

तू डोळे मिटलेस. तुला बरं वाटलेलं दिसलं. म्हणजे मी तुझ्याशी शेवटचं जे धड बोलले ते खोटं होतं.

मिस झाल्यानंतरच्या सोमवारी मी तोंडवलीला गेले. एकटीच. बाबी तांडेल खळ्यात जाळं दुरुस्त करत होता. आता लंगडतो, पण होडीवर जातो. त्यानं मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, त्या खेपेक चूक नातालीनची नव्हती. प्रोग्राम थांबा होतो, ता मी बंद केलंय. कोणाक न सांगता."

त्याची सुई थांबली. "तिका ठावक होता?"

"होता."

"आणि तू थंयच उभी होतंस. मी तिका बोलतंय तेव्हा."

"होय."

"मगे कित्याक नाय बोललंस?"

"भियालंय."

मला वाटलं होतं, तेव्हा तुला बोलला तसेच चार शब्द तो मला बोलेल आणि मी ते ऐकून घेईन. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "चेडवा, तू मोकळा झालंस. मी तिका चार लोकांत बोललंय, ते शब्द आता मी कोणाकडसून परत घेव?" आणि उठून आत गेला. त्याच्या बायकोनं मला पाण्याचा तांब्या दिला. म्हणजे मी तुझं ओझं उतरवायला गेले आणि त्या माणसाच्या डोक्यावर एक नवं ठेवून आले. हे तुला सांगतेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

मी निघणार एवढ्यात तो बाहेर आला. हातात शिशाची दोरी. "पाणी ओसराक लागलाहा. त्या जाग्याचा माप अजून कोणी घेवक नाय. येतंस?"

आम्ही गेलो. तो दोरी सोडत होता, आकडा सांगत होता, मी लिहीत होते. एका ठिकाणी पाण्याची ओढ इतकी होती की शिसं तळाला टिकेना. चार वेळा टाकलं. शेवटी तो म्हणाला, "हयसरचा गावाचा नाय आज." माप मिळेना म्हणून मी ती जागा रिकामी सोडली.

मग मी घरी येऊन तुझ्या लायब्ररीवर तोंडवलीचा प्रोग्राम नव्यानं लिहिला. तुझ्या क्लासांना हात लावला नाही. त्या रिकाम्या जागेपाशी लायब्ररीनं हाक दिली, मी ती झेलली. या वेळी कंसांमध्ये लिहिलं: ती जागा पांढरी ठेव, तिच्यावर नातालीनचं वाक्य लिही, आणि बाकीचं चित्र काढ. यावर तू म्हणाली असतीस की अख्खं चित्रच थांबायला हवं होतं. नाही. इथे माझं अजूनही पटत नाही तुला, तर न पटो. लायब्ररीनं बोलायचं, आणि झेलणाऱ्यानं ठरवायचं, हे तुझंच शिकवणं आहे. मी ठरवलं.

धक्क्यावर स्क्रीन पुन्हा लागला त्या दिवशी एक हॉटेलवाला बघायला आला होता. गडद निळ्याच्या मधोमध तो पांढरा डाग बघून म्हणाला, "तेवढं भरून टाका ना. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

मी बोलणार होते. बाबी तांडेल आधी बोलला. "थंयचा माका ठावक नाय, म्हणान पांढरा आसा. ज्येका बरा दिसणा नाय तेणां थंय बघू नये."

काल पुण्याहून त्या साहेबांचा फोन आला. क्लास काढलेली लायब्ररी कधी पाठवताय, असं विचारत होते. मी म्हटलं, पाठवणार नाही. आहे तशी हवी असेल तर घ्या, नसेल तर राहू द्या. ते समजूत काढल्यासारखं म्हणाले की तुमच्या भावना समजू शकतो, पण निर्णय मॅडमचा होता. त्यांनी स्वतः होकार कळवला होता, आमच्याकडे त्यांचा मेल आहे.

म्हणजे तू त्यांना लिहूनही टाकलं होतंस. पडवीत पडल्या पडल्या, मला न सांगता.

"असेल," मी म्हटलं. "त्या दिवशी तिचं चुकलं."